डीकाचे तीन तारे

ग्राडस वासिंकच्या कुरणात त्या सकाळी एकशे सदतीस ढिगारे होते. आकडा नेमका आहे. फोनवरच्या बाईनं विचारला, म्हणून ग्राडस आदल्या दुपारी ओळीनं फिरून मोजून आला होता.

ढिगारे भुईघुशीचे. या जनावराला मराठीत नाव नाही, कारण ते तिकडं मराठी मुलखात नाही. भुईघूस हे नाव मी पाडलेलं. वीतभर लांबी, अंगावर काळी मखमल, डोळे असून नसल्यासारखे, पुढचे पाय फावड्यासारखे. जमिनीखाली गांडुळं खात हिंडते आणि उकरलेली माती वर लोटते. पिकाला ती तोंड लावत नाही. पण गवत कापताना तिची माती चाऱ्यात जाते, मुरत घातलेला चारा नासतो, आणि गाय तोंड फिरवते. हिवाळा संपत आला की आमच्या हारब्रूक गावात माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, ढिगारे विचारतात.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. चार दिवस दगड झालेली जमीन रात्रीत सुटली होती आणि बूट टाकला की अर्धा आत राहत होता. आठला पाच कमी असताना फाटक वाजलं. डीका वोल्टरिंक सायकल हातानं ढकलत आत आली. मागच्या पेटीत सापळे, खांद्यावर लोखंडी सळई.

“तू हितं काय करतीस?” ग्राडस म्हणाला.

“घुशी धराय आले.”

“म्या तर कंपनीला फोन केलाय.”

“व्हय. कंपनीनंच धाडलंय.”

ग्राडसनं तिच्या मागं रस्त्यावर नजर टाकली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“ती बाई म्हनली, हारब्रूकचं पथक येनार हाय.”

“आलंय की.”

“पथक?”

“म्या आन् सायकल.”

डीकाचं घर ग्राडसच्या कुरणातून दिसतं. मध्ये एक चर, एक कुंपण आणि तीन नाशपतीची झाडं आहेत. पन्नाशी उलटलेली बाई, एकटी राहते, बापाच्या मागं हाच धंदा करते. तिच्या बापानं ग्राडसच्या बापाचं कुरण राखलं होतं.

“तीन झाडं सोडून ऱ्हातीय म्या,” डीका म्हणाली. “आन् तू पार समुद्राकडल्या बाईला फोन लावतोस?”

“तुजा नंबर हाय का माझ्याकडं? चाळीस वर्सं कुंपनावरनं हाक मारलीया.”

“मंग मारायची.”

“मारली. तू नव्हतीस.”

“घुशी धरत हुते.”

“तेच की! मंग फोनला इचारलं. ‘भुईघूस धरणारा, हारब्रूक.’ त्येनं पयलं नाव ह्येंचं दिलं. ‘हारब्रूकमध्ये, तुमच्या दारात,’ आसं लिवलं हुतं. फोटू बी हुता. टोपीवाला गडी, आन् मागं डोंगर.”

“हारब्रूकला डोंगर?”

“म्हनलं ढिगारा आसंल, जवळनं काढल्याला.”

डीकानं सळई जमिनीत खुपसली. नेहमीपेक्षा वीतभर खोल, म्हणजे ती रागावली होती.

“आन् पैसं?” ग्राडसनं विचारलं.

“अर्धं त्येंचं.”

“कशाचं?”

“फोन उचलल्याचं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच असतं तर हसून सोडता आलं असतं. पण वळशाचं भाडंही कळशाकडूनच कापून घेतलं होतं. ग्राडसला लाज वाटली. लाज बोलून दाखवायची आमच्याकडं पद्धत नाही. तो दुपारपर्यंत तिची सापळ्यांची पेटी उचलून तिच्या मागं मागं चालला.

त्याच दिवशी डीकाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद होते, आणि ग्राडसनं ते पेटी ठेवायला गेला तेव्हा वाचले. पहिला हेसेलच्या गढीचा. गढीची कुरणं, बागा आणि घोड्यांचं रान म्हणजे डीकाचं निम्मं वर्ष. जुना कारभारी निवृत्त झाला होता, आणि नवा, टाइस ब्रेमर नावाचा, पश्चिमेकडून आलेला माणूस लिहीत होता, की तोंडी ठरलेली सगळी कामं मार्चअखेर संपतील. पुढची माणसं तो स्वतः शोधून नेमेल. दुसरा कागद कंपनीचा. डीकानं सही केली तर ती पूर्व भागाची त्यांची अधिकृत भुईघूसवाली होणार होती. अट एकच: स्वतःच्या नावानं काम करायचं नाही, आणि स्वतःची वेबसाइट काढून टाकायची. कागदाबरोबर एक हिरवी टोपी आली होती.

“सही करनार?” ग्राडसनं विचारलं.

“गढी ग्येली तर करावी लागंल.”

“आन् टोपी घालशील?”

“टोपी बी घालावी लागंल.”

ग्राडस घरी न जाता सरळ बेरेंड रेसिंककडं गेला.

आमच्या वस्तीत अकरा घरं आहेत. प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. तो निवडायचा नसतो. घराबरोबर येतो, छपरासारखा. घरात मूल झालं की बाकीच्यांना गोळा करून मनुकांचा दोन हात लांब पाव शिडीवर ठेवून वाजतगाजत न्यायचा तो पहिल्या शेजाऱ्यानं. मरण झालं की काळा कोट घालून, ठरलेल्या क्रमानं, घरोघर सांगत जायचं तेही त्यानंच. हा शेजारधर्म. त्यात बसतं ते करायचं, बसत नाही त्यात नाक खुपसायचं नाही. डीकाच्या घराचा पहिला शेजारी बेरेंड. वय एकाहत्तर, गाई चोवीस.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“ह्ये कशात बसतं?” तो म्हणाला. “जन्मात न्हाई, लगनात न्हाई.”

“धंदा मरतोय तिचा,” ग्राडस म्हणाला.

“मंग मरनात बसतं,” बेरेंड म्हणाला, आणि कोट आणायला उठला.

काय करायचं ते बेरेंडच्या सुनेनं सांगितलं: दुकानांना लोक फोनवर तारे देतात, खाली शेरा लिहितात, ज्याला तारे त्याला फोन वर काढतो. डीकाला एकही तारा नव्हता. तिची वेबसाइट तिनं सहा वर्षांपूर्वी वाचनालयातल्या वर्गात स्वतः केली होती. तिच्यावर लिहिलं होतं: ‘भुईघुशी धरते. हारब्रूक आणि आसपास. फोन सकाळी सहा ते सात.’ शोधलं तर ती चौथ्या पानावर सापडत होती, आणि चौथ्या पानापर्यंत माणूस जात नाही.

पहिल्या शेजाऱ्यानं पहिलं करायचं, म्हणून बेरेंडनं बुधवारी दुपारी, शेताच्या बांधावर उभं राहून, आपला शेरा एकट्यानं लिहिला. मग तो सायकलवर बसला आणि डीकाचं घर सोडून नऊ घरांना सांगत आला: “गुरवारी साडेसातला माझ्याकडं. फोन घिऊन.” दोन घरांनी विचारलं, कोण गेलं. तो म्हणाला, अजून कोणी नाही.

गुरुवारी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दहा जण बसलो. डीका नव्हती, ज्याच्या घरचं असतं त्यानं घरी बसायचं असतं. कॉफी आली, मनुकांचा पाव आणि लोणी आलं. वायफायचा सांकेतिक शब्द बेरेंडनं गुरांच्या खाद्याच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला होता. ती हातोहात फिरली. मग ग्राडसच्या बायकोनं, हेर्मिननं, चष्मा लावून विचारलं,

“पाचातलं किती द्यायचं?”

“पाच म्हंजी काय?”

“पाच म्हंजी कायच खोट न्हाई.”

“आसं कोन हाय?”

सगळे विचारात पडले.

“जुनं पाद्रीबाबा?” कुणीतरी म्हणालं.

“बेसूर गायचं.”

“त्ये खरं. मंग पाद्रीबाबा चार.”

“पाद्रीबाबा चार म्हनल्यावर डीका तीन,” ग्राडस म्हणाला. यावर कुणाचं दुमत नव्हतं.

हेर्मिननं मात्र दोन दिले. मागच्या वर्षी डीका चिखलाच्या बुटांनी तिच्या ओसरीवर आली होती. हेर्मिनला पाव तास समजावावं लागलं. “पर धरल्या ना घुशी?” “धरल्या.” “मंग?” शेवटी तिनं तिसरा दिला आणि बुटांचं लिहिलं. बाकी सगळ्यांनी, मीसुद्धा, तेच लिहिलं जे आमच्याकडं उत्तम गोष्टीबद्दल लिहितात: ‘वंगाळ न्हाई.’ कामगिरी चांगली झाली असं वाटून आम्ही पावाचा दुसरा तुकडा घेतला.

शुक्रवारी सकाळी कास्पर दे वाल बेरेंडच्या गोठ्यात आला. कास्पर हा मूळचा हेगचा. जुन्या दूधडेअरीची इमारत घेऊन राहतो आणि दुकानांच्या वेबसाइट बनवतो. नऊ वर्षं झाली तरी त्याला वस्तीतला ‘नवीन माणूस’ म्हणतात. मनानं चांगला आहे, फक्त घाईनं बोलतो.

“बेरेंडकाका, डीकाबाईंशी तुमचं काही भांडण झालंय का?”

“न्हाई बा. का?”

“मग त्यांना बुडवायला का निघालात सगळे?”

“बुडवाय? तारीफ केलीया!”

“तीन तारे म्हणजे तारीफ?”

“मंग कशी करत्यात?”

कास्परनं त्याला फोन दाखवला. कंपनीला चारशे बारा शेरे होते आणि सरासरी चार पूर्णांक नऊ. डीकाला अकरा शेरे, सरासरी तीन. कालपर्यंत ती चौथ्या पानावर होती, आज सातव्यावर. फोनातल्या शोधणाऱ्या यंत्राची समजूत झाली होती, की या बाईच्या कामावर सगळी वस्ती नाराज आहे.

बेरेंडनं दुधाची बादली खाली ठेवली. “किती पायजेत?”

“पाच. सगळ्यांचे.”

“पाच म्हंजी खोटं बोलायचं.”

“खोटं नाही हो. यंत्राची भाषा वेगळी. त्याच्या भाषेत पाच म्हणजेच ‘वंगाळ न्हाई’.”

हे बेरेंडला पटलं. जर्मन व्यापाऱ्याशी जर्मनमध्ये बोलतो, तसंच हे. पुढच्या गुरुवारचा सांगावा पुन्हा सायकलवरून गेला. हेर्मिनला मात्र पटलं नाही. “पाच दिलं तर बिचारी तोंड कुठं दावंल?” असं ती दोनदा म्हणाली. पण तिनंही दिले. त्याच स्वयंपाकघरात, त्याच वायफायवर, आम्ही दहाच्या दहा जणांनी सात पन्नास ते आठ दहा या वेळात तिनाचे पाच केले. एकटा बेरेंड राहिला. त्याची गाय अडली होती. तो कोपरापर्यंत हात घालून गोठ्यात होता. वासरू जगलं. त्या धांदलीत त्याच्या तीन ताऱ्यांचं कुणालाच आठवलं नाही.

शनिवारी डीकाचं नाव गेलं. सातव्या पानावर नाही, सत्तराव्यावर नाही. नोंद बंद, आणि आमचे दहाही शेरे पुसलेले.

“यंत्राला वाटलं,” कास्पर बेरेंडच्या अंगणात जमलेल्यांना म्हणाला, “की एका खोलीत बसून दहा भाडोत्री माणसं थापा मारतायत.”

“एका खोलीतच हुतो की,” ग्राडस म्हणाला.

“तेच.”

“पर भाडोत्री न्हवतो.”

“ते त्याला कळत नाही.”

“आन् कंपनीचं चारशे?”

“ते वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावांतून आले.”

“म्हंजी त्येंनी नीट केलं.”

“हो,” कास्पर म्हणाला. “त्यांनी नीट केलं.”

बेरेंडनं काळा कोट घातला आणि पावसात चालत डीकाकडं गेला. सायकल नेली नाही. ती दारात सापळ्यांना जवसाचं तेल लावत बसली होती.

“डीका, तुजं नाव ग्येलं.”

“कुठनं?”

“फोनातनं.”

“हुतं का कवा?”

“हुतं. चौथ्या पानावर. आमी घालवलं.” त्याला पुढचं जड गेलं. “तुझ्या बापानं माझ्या बायकोच्या मरनाच्या येळंला सगळी धावपळ क्येली. म्या पयला शेजारी, आन् म्याच तुजी माती क्येली.”

“बसा काका. भिजलासा.”

“तू सही करू नगंस.”

“मार्चअखेरपत्तुर न्हाई करत,” डीका म्हणाली. “म्होरं बगू.” टोपी खुंटीवर होती. दोघांनी तिच्याकडं बघायचं टाळलं.

सोमवारी कास्पर तिच्या मागं रानात गेला. त्यालाही चैन नव्हतं. पाचाचा सल्ला त्याचा होता. आभाळ खाली आलेलं, बारीक पाऊस आडवा येत होता. त्याला वाटलं डीका ढिगाऱ्यांत सापळे लावेल. ती एकाही ढिगाऱ्याजवळ गेली नाही. कुंपणाच्या कडेनं टाच दाबत चालली. एका जागी टाच किंचित खचली.

“इथं काही दिसत नाहीये,” कास्पर म्हणाला.

“दिसतं तितं घूस नसती. ढिगारा म्हंजी तिनं टाकून दिल्यालं. ती जाती-येती ह्या वाटंनं. कुंपनाच्या बुडातनं. आज्याची वाट, नातवाची बी तीच.” तिनं मातीत हात चोळले, साबणाचा वास जावा म्हणून, आणि सापळा खाली बसवला. “बाप म्हनायचा, घुशीला हाका मारू नगं. ती जितनं जाती तितं बस.”

कास्परनं लांबच्या ढिगाऱ्यांकडं आणि मग सापळ्याकडं बघितलं.

“डीकाबाई, सकाळी सहा ते सात लोक फोन करतात ते काय विचारतात?”

“येडगावानी काय बी. लसूण पुरला तर घूस जाती का.”

“जाते?”

“न्हाई.”

“अजून?”

“बाटली उपडी पुरली तर? कुत्र्याचं केस टाकलं तर? पानी सोडलं तर? त्या आवाजाच्या खुंट्या लावल्या तर?”

“आणि?”

“न्हाई, न्हाई, न्हाई, न्हाई.”

“मग तेच लिहा. ‘भुईघूसवाली’ असं शोधायच्या आधी माणूस लसणाचं शोधतो. ती त्याची वाट.”

डीकानं लिहिलं. चार संध्याकाळी, पेन्सिलीनं, चौदा प्रश्न. बारांचं उत्तर ‘नाही’ असं होतं आणि त्याखाली एक ओळ. ‘लसणानं भुईघूस जाते का? नाही. तिला वास आवडत नाही, म्हणून ती दीड हात बाजूनं जाते.’ ‘भुईघूस कंद खाते का? नाही. ते उंदीर. उंदीरवाल्याला बोलवा.’ कास्परनं कागद बघितले आणि डोक्याला हात लावला.

“प्रत्येकाला निदान आठशे शब्द हवेत. यंत्राला लांब लिहिलेलं आवडतं.”

“कशापायी?”

“कंपनीचं लसणाचं पान बाराशे शब्दांचं आहे.”

“त्यात काय हाय?”

“लसणाचा इतिहास. मग प्रकार. मग ‘काहींच्या मते उपयोग होतो’. शेवटी फोन नंबर.”

“थापंला जागा लागती,” डीका म्हणाली. “न्हाई म्हनाय काय लागतं?”

“पण बाई, अशानं—”

“त्यो मानूस पावसात हुबा ऱ्हाऊन इचारतोय, त्याचा बूट रुतलाय. त्येला म्या लसनाचा इतिहास सांगू?”

यावर तासभर वाद झाला आणि कास्पर हरला. चौदा पानं जशीच्या तशी चढली.

बंद झालेली नोंद परत मागायला यंत्रानं दुकानाच्या पाटीचा फोटो मागितला. डीकाला दुकान नव्हतं. तिनं जुन्या दुधाच्या कॅनच्या कठड्यावर फळी ठोकली, तिच्यावर रंगानं नाव लिहिलं आणि फोटो धाडला. ग्राडस म्हणाला, एवढं मोठं नाव काढलंस, लोक काय म्हणतील. तीन आठवड्यांनी नोंद परत आली. आमचे दहा शेरे आले नाहीत. आला तो एकच, बेरेंडचा. तो वेगळ्या दिवशी, बांधावरून गेला होता. तीन तारे. बेरेंडला तो पुसायचा होता, पण कास्पर म्हणाला, आता कुणी कशाला हात लावू नका. बेरेंडनं हात लावला नाही, पण त्या आठवड्यात त्याचं जेवणावर लक्ष नव्हतं असं सून सांगत होती.

मार्चचा शेवटचा आठवडा उजाडला. डीकानं कंपनीचा कागद खणातून काढून टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं. मंगळवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला.

“वोल्टरिंकबाई? मी हेसेलच्या गढीवरून ब्रेमर बोलतोय. आज येऊ शकाल?”

“सातला.”

“आज? सातला?”

सातला पाच कमी असताना ती गढीच्या पुढच्या हिरवळीवर होती. हिरवळीवर बेचाळीस हिरव्या खुंट्या रोवलेल्या होत्या आणि त्या आळीपाळीनं गुणगुणत होत्या. ब्रेमर तिशीतला, उंच, नव्या बुटांचा. एका खुंटीला अगदी टेकून ताजा ढिगारा होता, आणि खुंटी त्याच्यावर तिरकी होऊन गुणगुणत होती.

“काल रात्री मी शोधलं,” ब्रेमर म्हणाला. “‘आवाजाच्या खुंट्यांनी भुईघूस जाते का.’ सगळ्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. सगळ्यांत वर मात्र एकच शब्द होता. ‘नाही.’ खाली तुमचं नाव.”

“खुंट्या घेतल्याव इचारलंत?”

“हो.”

“सगळी तसंच करत्यात.”

ब्रेमर हसला नाही. त्यानं मान हलवली. “खरं सांगतो, मी त्या मोठ्या कंपनीला काम द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. चारशे लोक म्हणतात की ते अप्रतिम आहेत. तुमच्याबद्दल एकच माणूस बोललाय.” त्यानं फोन काढून वाचलं. “‘सात म्हणाली की सातला पाच कमी. घुशी गेल्या. पुन्हा आल्या तर पुन्हा येते. कॉफी घेत नाही. वंगाळ न्हाई.’ तीन तारे.” त्यानं वर बघितलं. “अप्रतिम लोक मला या महिन्यात चार भेटले. एकानं छप्पर गळकं ठेवलं, एकानं या खुंट्या विकल्या. ही व्यक्ती कोण?”

“बेरेंडकाका. माझा पयला शेजारी.”

“चिडलेत का तुमच्यावर?”

“न्हाई,” डीका म्हणाली. “लई जीव हाय त्येंचा.”

ती टाच दाबत भिंतीच्या कडेनं चालायला लागली.

गढीचं काम तिच्याकडं राहिलं, तिच्या नावानं. कंपनीचा कागद शेगडी पेटवायला गेला. टोपीत ती अंडी ठेवते. ‘भुईघूस धरणारा, हारब्रूक’ असं कुणी आजही शोधलं तर पहिली कंपनी येते, टोपीवाला गडी आणि मागं डोंगर. पण लसूण, बाटली, कुत्र्याचे केस, पाणी आणि खुंट्या यांबद्दल देशात कुणीही विचारलं, की पहिल्यांदा डीकाचं ‘नाही’ येतं. सहा ते सात फोन थांबत नाही. ती आता साडेपाचला उठते आणि त्याबद्दल तक्रार करते.

एप्रिलच्या मध्याला ब्रेमरनं शेरा लिहिला. पाच तारे. ‘असामान्य! आयुष्यात असं काम पाहिलं नाही!’ दोन ओळींत दोन उद्गारचिन्हं होती. ग्राडसनं तो बेरेंडच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचला आणि मध्येच थांबला. डीका लाल झाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. हेर्मिन म्हणाली, “म्या सांगितलं हुतं.”

बेरेंड सायकल काढून गढीवर गेला. कोट नेहमीचा, तपकिरी.

“साहेब, तुमी डीकाला पाच दिलं.”

“हो. का, काही चुकलं?”

“तिला बाजारात जायाची चोरी झालीया. आमच्यात पाद्रीबाबाला चार हायत.”

ब्रेमरनं त्याला बसायला खुर्ची दिली. “मग मी काय करू?”

“ह्या वर्सी चार करा. लगीच तीन नगं, लोक म्हनतील बिनसलं.”

ब्रेमरनं त्याच्यासमोर फोन काढून चार केले. कास्परला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत जमीन सुटली, ढिगारे आले, डीका गढीवर गेली. शनिवारी तिच्या नावाखाली गढीचा शेरा बदललेला दिसला. तीन तारे. ‘वंगाळ न्हाई.’

बेरेंडनं तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली जुनी यादी काढली, मरणाची बातमी ज्या क्रमानं सांगत जायची ती, आणि अकराव्या घराखाली पेन्सिलीनं बारावं लिहिलं: गढी, ब्रेमर. कास्परच्या डेअरीचं अजून ठरायचं आहे.